रोह्याला गेलेले निरोप

माझा मोठा भाऊ अजून जिवंत आहे. त्याचे डोळे शाबूत आहेत आणि चष्मा लावून तो रोज पेपर वाचतो. म्हणून हे आत्ताच लिहितो आहे. तो गेल्यावर लिहिलं असतं तर त्याने वाचलं नसतं, आणि मग लिहिण्यात मला काही गोडी उरली नसती.

गेल्या गणपतीत आमच्या गावच्या मंडळाने नोकरी करणाऱ्या बायकांचा सत्कार केला. माझी मुलगी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, तीही त्यात होती. शाल-नारळ झाल्यावर भावाने माईक मागून घेतला. म्हणाला, "ह्या पोरीला नर्स मी केली. बापाची हिंमत नव्हती. मी म्हटलं, जा पोरी, मी हाय." टाळ्या पडल्या. माझ्या मागच्या रांगेत एक बाई दुसरीला म्हणाली, "हीच ना ती, आत्या मेली तरी आली नाय?" दुसरी म्हणाली, "व्हय. नर्सचं काळीज घट्टच असतं."

दोन्ही खोटं आहे. पहिलं खोटं भावाचं. दुसरं माझं.

आमचं गाव हमरापूरच्या बाजूला. घरोघरी गणपतीचे कारखाने. वडिलांमागे कारखाना भावाच्या ताब्यात गेला आणि मी त्याच्याकडे रोजावर कामाला लागलो. मी आखणी करायचो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे. साच्यातून मूर्ती काढणं, घासणं, अंगाचा रंग, पितांबर, दागिने ही कामं कुणालाही शिकवता येतात. डोळ्याला एकच हात लागतो आणि तो हात आमच्या कारखान्यात माझा होता. डोळे झाल्याशिवाय मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही, कारण गिऱ्हाईक आधी तेच बघतं. हे भावाला ठाऊक होतं. मला मात्र बरीच वर्षं ते नीट ठाऊक नव्हतं.

मुलगी लहान असतानाच तिची आई गेली. माझी बहीण, म्हणजे मुलीची आत्या, नवरा गेल्यावर आमच्याकडे आली होती. तिनेच मुलीला वाढवलं. नव्वदनंतरची ती वर्षं. मुलगी बारावी झाली आणि रोह्याला एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात दीड वर्षाच्या नर्सिंगच्या कोर्सला लागली. तिथेच होस्टेल. जुलैत मी तिला पेणच्या स्टँडवरून एसटीत बसवून दिलं.

ऑगस्टच्या शेवटी भावाचा टेंपोवाला रोह्याला मूर्ती घेऊन गेला आणि होस्टेलवर निरोप देऊन आला, "तुझा बाप आजारी हाय, लगेच ये." मी आजारी नव्हतो. हंगामात हात कमी पडत होते आणि मुलगी पितांबर चांगलं रंगवायची, एवढंच कारण. भावाने मला सांगूनच टेंपो पाठवला होता. "आठ दिवसांचं काम हाय, मग जाईल परत," म्हणाला. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

ती दुपारी धावत आली. पायात हॉस्पिटलचे पांढरे बूट होते. मी पाटापुढे बसून डोळे काढत होतो. मला धडधाकट बघून ती दारातच थांबली. मी म्हणालो, "आलीस? बूट काढ, हात लाव जरा." एवढंच म्हणालो.

आठ दिवस चतुर्थीपर्यंत लांबले. तोवर तिची हजेरी गेली आणि नाव कमी झालं. मग भावाने गोष्ट रचली. मुंबईहून मूर्ती न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना तो चहा पाजताना सांगायचा, "आमची पुतणी गेलती नर्स व्हायला. रक्त बघितलं आणि घेरी येऊन पडली. पेशंटनेच उठवली तिला." आणि डोळे फिरवून, हात लोंबवून पडून दाखवायचा. लोक हसायचे. आखणी करताना मान वर करायची नसते. त्या वर्षी ही माझी मोठी सोय झाली.

दिवाळी झाल्यावर एक दिवस मुलगी मला म्हणाली, "बाबा, मी जूनमध्ये परत जाणार. ट्यूटरबाईंना विचारून आले. नव्या बॅचला घेतील म्हणाल्या. पण परत पळालीस तर दार बंद."

"तू कुठे पळालीस," मी म्हणालो.

"ते तुम्ही मला सांगताय. काकांना सांगितलंत?"

मी सांगितलं नव्हतं. तेव्हा तिने जे सांगितलं ते मला आजवर पुसता आलेलं नाही. म्हणाली, "निरोप आला तेव्हा मला आनंद झाला होता. तुम्ही आजारी आहात म्हणून आनंद. पाय सुजायचे, बेडपॅन धुताना उलटी व्हायची, ट्यूटरबाई सगळ्यांसमोर बोलायच्या. रोज वाटायचं, कुणीतरी बोलवावं. काकांनी खोटं बोलावलं, पण मी खरी आले. ते परत व्हायला नको. मला त्यांच्या कारखान्यात एकदा नर्सचे कपडे घालून उभं राहायचंय. त्याच्यासाठी मी काय वाट्टेल ते करीन."

आत्या खाटेवरून म्हणाली, "राग चांगला हाय गो तुझा. पण जपून वापर. एकदम काढलास तर दोन महिन्यांत संपेल. दीड वर्ष पुरवायचाय."

आणि खरोखरच मुलीने तो राग पुरवून पुरवून वापरला.

पहिलं म्हणजे पाय. पोटासाठी कारखान्यात तर जावंच लागत होतं. तिथे ती बसेना. सगळ्या बायका पाटावर बसून रंगवायच्या, ही मूर्ती फळीवर ठेवून उभी राहायची. भाऊ म्हणाला, "काय गो, नवस बोललीस काय?" ती म्हणाली, "व्हय काका. तुमच्यासाठीच बोललेय." त्याला वाटलं थट्टा आहे. तो हसला.

मग वास. आत्याला साखरेचा आजार होता आणि तिच्या नडगीवर एक जुनी जखम होती. पू यायचा. आधी मुलगी जखम उघडली की अंगणात जायची. आता तिने ते काम स्वतःकडे घेतलं. रोज पाणी उकळून, मीठ घालून, फडकी उकळून वाळवून. पहिल्या आठवड्यात ती तोंड दाबून दोनदा बाहेर पळाली. आत्या मागून ओरडली, "पळ, पळ. काका बघतोय दारातून." दारात कुणी नव्हतं. ती परत येऊन बसली. उन्हाळ्यापर्यंत तिला वासाचं काही वाटेनासं झालं आणि जखम जवळपास भरून आली. आत्या शेजारणींना पाय दाखवत फिरायची. म्हणायची, "बघा, आमची सिस्टर."

राहिलं बोलणं. ट्यूटरबाईंच्या बोलण्याने तिला रडू यायचं आणि रडू आलं की हात थांबायचे. त्यावर तिने उपाय काढला. आत्या पेशंट. तिला खाटेवरून न उठवता खालची चादर बदलायची, कोपरे ताणून दुमडायचे. आणि मी ट्यूटरबाई. ती काम करत असताना मी शेजारी उभं राहून तिला बोलायचं, वाटेल तसं, आणि थांबायचं नाही.

पहिल्या दिवशी मला जमेना. म्हणालो, "चादर... चादर जरा वाकडी आहे."

आत्या खाटेवर हसायला लागली. "अरे, ही ट्यूटर हाय का पाहुणा? चहा विचार ह्याला."

"बाबा, नीट बोला. लागेल असं बोला."

हळूहळू जमायला लागलं. मग फारच जमायला लागलं. "डोकं कुठे ठेवून आलीस? रंगकाम आहे का हे? म्हातारीला पाडणार आहेस का? तुला कुणी बोलावलं होतं इथे?" एक दिवस माझ्या तोंडून गेलं, "पळून आलीस ती आलीस, आणि वर तोंड करून परत जायला निघालीस. लाज नाही वाटत?"

तिचे हात थांबले. सरावाच्या इतक्या महिन्यांत ते एकदाच थांबले. आत्याने तोंड भिंतीकडे वळवलं. मुलीने कोपरा दुमडला, गादीखाली सारला, सपाट केला आणि म्हणाली, "पुढे बोला."

त्या दिवशी मी अंगणात निघून गेलो. मला कळलं होतं की भाऊ कारखान्यात जे सांगत होता ते इतक्या वेळा ऐकून ऐकून मीही थोडं मानायला लागलो होतो.

जायच्या आधी तिने शेवटची तयारी केली ती निरोपाची. म्हणाली, "काका परत टेंपो पाठवणार. आणि मला परत यावंसं वाटणार. मला माहीत आहे. म्हणून खूण ठरवू. तुमचा आखणीचा कुंचला. घरात खरंच काही झालं आणि मी यायला पाहिजे असलं, तर निरोपाबरोबर तो पाठवायचा. कुंचला नसेल तर मी येणार नाही. कुणी मेलं म्हणून सांगितलं तरी नाही."

तो कुंचला मी कुणाच्या हातात देत नसे. खारीच्या केसांचा, टोक भाताच्या कुसळासारखं. तो मी खिशात बाळगायचो. आत्या म्हणाली, "बरी हाय खूण. दादाला तो चोरता यायचा नाय."

जूनमध्ये ती गेली. आणि चतुर्थी आठवड्यावर आली तेव्हा भावाने मला न विचारता टेंपोवाल्याकडे तोच निरोप दिला. टेंपोवाला संध्याकाळी परत आला आणि सगळ्या कारखान्यासमोर सांगायला लागला, "गेलो होस्टेलवर. म्हटलं, तुझा बाप लय आजारी हाय, चल. तर मला विचारते, बरोबर काय दिलंय? मी म्हटलं, काय द्यायचंय? म्हणते, मग नाय येत, ड्यूटी हाय. आणि गेली पण. डोळ्यांत टिपूस नाय."

भाऊ म्हणाला, "बघा. बाप मरायला टेकलाय म्हटलं तरी पोरगी नाय आली."

मी त्याच्यापासून चार हातांवर, पाटापुढे बसलो होतो. एका मूर्तीचा डावा डोळा झाला होता, उजवा व्हायचा होता. मी कुंचला धुतला, फडक्याला पुसला, खिशात ठेवला आणि घरी जाऊन झोपलो.

सकाळी भाऊ दारात. "काय रे, आला नाहीस?"

"आजारी आहे."

"काल तर बरा होतास."

"तूच रोह्याला कळवलंस ना, मी आजारी म्हणून? तुझा निरोप खोटा कसा पडू देऊ?"

आत्या आपल्या खाटेवरून म्हणाली, "अंग गार लागतंय ह्याचं, दादा. पण तू म्हणालास म्हणजे ताप असणारच. लय हाय म्हणालास ना?"

तो चिडून गेला. दुपारी परत आला, गोड बोलला. संध्याकाळी आला आणि शिव्या दिल्या. मी पांघरूण घेऊन पडून होतो. ऑगस्टच्या उकाड्यात मला घामाने आंघोळ होत होती, पण पांघरूण काढलं नाही. आयुष्यात इतकी चांगली झोप मला कधी लागली नव्हती.

हंगामात दुसऱ्या कारखान्यातला आखणीवाला मिळणं शक्यच नव्हतं, जो तो आपल्याच कामात बुडालेला. फळ्यांवर ओळीने गणपती उभे होते, रंग झालेले, मुकुट झालेले, आणि डोळ्यांच्या जागी नुसता सपाट रंग. रंगकाम करणाऱ्या बायका सांगायच्या, आत जायला भीती वाटते. भावाने शेवटी स्वतः एका मूर्तीचे डोळे काढून बघितले. मुंबईचं गिऱ्हाईक आलं, त्या मूर्तीपुढे बराच वेळ उभं राहिलं आणि म्हणालं, "शेठ, बाप्पा घाबरलेत काय?" हे मला टेंपोवाल्याने येऊन सांगितलं. मी त्याला पुन्हा सांगायला लावलं.

तिसऱ्या दिवशी भाऊ आला आणि उंबऱ्यावर बसला. "काय पाहिजे तुला? रोज वाढवू?"

"रोज नको. सगळ्यांसमोर सांग, पोरगी पळून आली नव्हती. तू खोटा निरोप पाठवून बोलावली होतीस."

"आणि तू गप्प बसला होतास, ते कोण सांगणार?"

"ते मी सांगेन. आधी तू."

तो कारखान्यात उभा राहिला आणि प्लास्टरच्या गोणीकडे बघत म्हणाला, "पोरगी पळाली नव्हती. मी बोलावली होती." मी बसलो आणि दोन मूर्तींचे डोळे काढले. मग थांबलो. म्हणालो, "मागच्यांना ऐकू नाय आलं." त्याला परत म्हणावं लागलं. पुढच्या चार मूर्तींनंतर मी पुन्हा थांबलो. आता मलाही वाटतं की तिसऱ्यांदा गरज नव्हती. पण त्याचं तोंड बघायला मला आवडत होतं. त्या नादात माझ्या वाट्याचं जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही, आणि त्याने आठवणही करून दिली नाही.

इथेच हे संपलं असतं तर मी लिहायला बसलो नसतो.

पुढच्या वर्षी पौषात मुलीची शेवटची परीक्षा आली. ती गेल्यापासून आत्याची जखम पुन्हा चिघळली होती. फडकी उकळणं माझ्याने व्हायचं नाही आणि आत्या सांगायची नाही. पाय काळा पडला तेव्हा मी तिला पेणच्या दवाखान्यात नेलं. ताप चढलेला होता. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, विष अंगात भिनलंय.

आत्या शुद्धीवर असताना म्हणाली, "कुंचला पाठव रे. पोरीला एकदा बघते."

मी म्हणालो, "पाठवतो."

भाऊ तिथेच उभा होता. बहीण त्याचीही होती, ते नाकारत नाही. तो म्हणाला, "मी टेंपो पाठवतो रोह्याला." आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात मला असं दिसलं की पोरगी आली तर परीक्षा बुडेल आणि हा पुन्हा हात लोंबवून पडून दाखवेल. खरंच तसं होतं की मलाच दिसलं, हे आता सांगता येत नाही. एकीकडे बहिणीचं मरण होतं, दुसरीकडे भावाचं तोंड. मी भावाच्या तोंडाकडे बघून ठरवलं. कुंचला खिशातच राहू दिला.

टेंपोवाला खरा निरोप घेऊन गेला. मुलीने विचारलं, बरोबर काय दिलंय? काही नव्हतं. ती पेपरला जाऊन बसली.

आत्याने मला पुन्हा विचारलं, "पाठवलास ना?"

"पाठवला. निघाली असेल."

तिने मान दाराकडे वळवली. नागोठण्याला गाडी थांबते, वडखळला गर्दी असते, असं काहीतरी ती आपल्याशीच बोलत होती. उजाडायच्या आत ती गेली. मान तशीच होती.

शेवटचा पेपर झाल्यावर मुलगी आली. आत्याची खाट अंगणात उभी करून ठेवली होती. ती खाटेकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. रडली नाही. तिला न रडायची सवय मीच लावली होती. म्हणाली, "कुंचला कुठाय?"

मी खिशातून काढून दिला. तिने टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितलं आणि तो आपल्या पर्समध्ये ठेवला. "यापुढे मला निरोप पाठवायचा नाही, बाबा. मला यायचं असेल तेव्हा मी येईन."

निकाल लागला, नोकरी लागली. काकाच्या कारखान्यात नर्सचे कपडे घालून उभी राहायला मात्र ती कधी गेली नाही. मीच एकदा आठवण करून दिली. म्हणाली, "ते आत्याला बघायचं होतं."

भाऊ गावभर सांगत सुटला की आत्या मेली तरी पोरगी आली नाही. निरोप त्याने खरा पाठवला होता, त्यामुळे त्याच्याजवळ साक्षीदारही होता. मी एकदाही कुणाला म्हणालो नाही की कुंचला माझ्या खिशात होता.

आता मलाही साखर आहे. मुलगी महिन्याच्या पहिल्या रविवारी येते, माझे पाय मांडीवर घेते आणि बोटांच्या मधली जागा उजेडात धरून बघते. एक शब्द वाकडा बोलत नाही. मधल्या दिवसांत ताप आला, पडलो, तरी तिला बोलावायचं कसं, हे मला माहीत नाही. बोलावायची सोय तिच्या पर्समध्ये आहे.

ह्या कागदांच्या दोन प्रती करून घेणार आहे. एक भावाच्या हातात देईन आणि तो वाचत असताना समोर बसेन. त्याने पडून दाखवलेलं, त्याचा घाबरलेला बाप्पा, गोणीकडे बघत म्हटलेली वाक्यं, सगळं त्याला चष्मा लावून वाचावं लागेल.

दुसरी मुलीसाठी. तिला एवढंच ठाऊक आहे की मी कुंचला पाठवला नाही. आत्याने कुंचला पाठवायला सांगितलं होतं, मग विचारलंही होतं आणि मी "पाठवला" म्हणालो होतो, हे तिला इथेच कळेल. त्यानंतरच्या रविवारी मी पाय धुऊन ओटीवर बसेन.